मालक घरी आला की कुत्रा अंगावर: दाराच्या दोन्ही बाजूंचं शिक्षण

(भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. मध्ये माझी मांजर ओरडली, तेवढं गाळलं आहे.)

मी वसईत राहते आणि नायगावपासून विरारपर्यंत लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. म्हणजे बोर्डावर तसं लिहावं लागतं. खरं शिकवते ते कुत्र्याच्या माणसांना. कुत्रा लवकर शिकतो हो, घरातल्या काकांना वेळ लागतो.

आज एकच विषय घेतलाय. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "ताई, मी घरी आलो की आमचा कुत्रा वेड्यासारखा अंगावर झेपावतो. भुंकतो, शर्ट ओढतो, नखं लागतात. ओरडून झालं, ढकलून झालं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवून झाली. काही फरक नाही."

हा प्रश्न जगात सगळीकडे आहे, पण आपल्या वसई-विरार पट्ट्यात त्याचं रूप थोडं निराळं आहे. विरार ते चर्चगेट साठेक किलोमीटर. फास्ट मिळाली तरी दीड तास जातो, आणि पुढे रिक्षा, शेअर रिक्षा, बस. सकाळी सातला घर सोडलेला माणूस रात्री नऊला परत येतो. चौदा तास! पावसाळ्यात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं की मग बोलायलाच नको. २०१८च्या जुलैमध्ये तर कितीतरी जण गाडीतच अडकले होते. असा माणूस घरी येतो तेव्हा त्याचं अंग गर्दीने चेंबटलेलं असतं, हातात भाजीची पिशवी असते, पाठीला लॅपटॉप असतो. आणि दाराच्या आत एक जीव चौदा तास वाट बघत थांबलेला असतो. दार उघडतं. घर वन बीएचके. दारातून आत शिरलं की एका बाजूला चपलांचं स्टँड, समोर तीन फुटांचा पॅसेज. त्या तीन फुटांत पंचवीस किलोचा कुत्रा, थकलेला माणूस आणि बऱ्याचदा काठी टेकत आलेली आजी. या गर्दीत कोणी ना कोणी पडतं.

म्हणून मी या सवयीकडे लाडिक खोड म्हणून बघत नाही. वसई-विरारमध्ये जेवढी घरं कुत्रा "देऊन टाकायचा" विचार करतात, त्यातल्या बऱ्याच घरांत सुरुवात याच दारातून झालेली मी पाहिली आहे. देऊन टाकायचा म्हणजे काय, तर "कर्जतला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिथे मोकळा राहील." मंडळी, त्या फार्महाऊसबद्दल मी इतक्या घरांत ऐकलंय की तिथे एव्हाना शे-दोनशे कुत्री असायला हवीत. पुष्कळदा ते फार्महाऊस म्हणजे महामार्गाच्या कडेचा एखादा ढाबा असतो. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता मुळात जाऊ. कुत्रा उडी का मारतो?

लांडग्यांची पिल्लं बघा. मोठे लांडगे शिकार करून परत आले की पिल्लं धावत जातात आणि त्यांच्या तोंडाला चाटतात. तसं चाटलं की मोठा लांडगा पोटातलं मांस ओकून पिल्लांना देतो. आपल्याला किळस येईल, पण पिल्लांसाठी तो जेवणाचा डबा आहे. बाहेरून परतलेल्याच्या तोंडापर्यंत पोचायचं, ही भेटीची रीत कुत्र्यांत तिथून आलेली आहे. आता लांडग्याचं तोंड असतं दोन-अडीच फुटांवर. तुमचं साडेपाच फुटांवर. मग तो काय करणार? उडीच मारणार.

हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा आपण शिकवलेला असतो. दोन महिन्यांचं पिल्लू गुडघ्यावर पंजे ठेवतं तेव्हा आपण काय करतो? "अले अले माझं बाळ" म्हणून उचलून घेतो. तेच बाळ दहा महिन्यांनी छातीवर आदळलं की आपण किंचाळतो. त्याच्या लेखी नियम बदललेलाच नाही. उडी मारली की माणूस बघतो, बोलतो, हात लावतो. तुमचं "नाही! खाली! खाली उतर!" हे त्याच्यासाठी बोलणंच आहे. दोन्ही हातांनी ढकलणं म्हणजे तर खेळ. दोन कुत्री एकमेकांशी खेळताना नेमकं हेच करतात. उडीची मजुरी आपणच रोज मोजून देतो आणि मग कामगार कामावर का येतो म्हणून तक्रार करतो.

इथे एक जुनी समजूत बाजूला करते. "तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय, त्याला दाखवा घरात बॉस कोण" असं सांगणारे अजून खूप आहेत. मग छातीत गुडघा घाला, मागच्या पायांवर पाय द्या, उताणा पाडून दाबून धरा. हे सगळं आलं पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. पुढे १९७० मध्ये डेव्हिड मेक यांचं लांडग्यांवरचं पुस्तक गाजलं आणि 'अल्फा' हा शब्द घरोघरी पोचला. पण याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप हा साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब असतो. तिथे सिंहासनासाठी रोजची मारामारी नसते. ज्याने हा शब्द लोकप्रिय केला तोच मागे फिरला, आणि आपले काही ट्रेनर अजून गुडघा मारतायत. भेटायला धावत आलेल्याला गुडघा मारला तर तो काय शिकेल? हा माणूस घरी येतो तेव्हा दुखतं, एवढंच. मग काही कुत्री दार वाजलं की पलंगाखाली जातात आणि घरचे म्हणतात, "बघा, शांत झाला." तो घाबरला आहे. शांत होणं निराळं, घाबरणं निराळं.

दुसरा सल्ला तुम्ही ऐकला असेल, पूर्ण दुर्लक्ष करा. पाठ फिरवा, बघू नका, बोलू नका. हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. दोन कारणांनी.

पहिलं असं की मजुरी बंद केली की कामगार आधी जास्त जोरात दार ठोठावतो. दिवा विझताना मोठा होतो ना, तसं. पहिले काही दिवस उड्या वाढतात, भुंकणं वाढतं. याच वेळी घरचे म्हणतात, "उपाय चालत नाही," आणि सोडून देतात. त्याहून वाईट म्हणजे नऊ दिवस दुर्लक्ष करतात आणि दहाव्या दिवशी मामा येतात. मामा म्हणतात, "असू दे हो, मला आवडतात कुत्री," आणि दोन्ही हात पसरतात. झालं. कधी तरी लागणारा आकडा माणसाला मटक्याच्या अड्ड्यावर का खेचून नेतो? रोज लागत नाही म्हणूनच. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर हेच दाखवलं होतं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यात चिवट असते. तुमच्या घरात मामा हा मटका आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुत्र्याला भेट हवीच असते. स्वीडनमध्ये थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरी एकटी राहणारी बारा कुत्री घेतली. मालक अर्धा तास, दोन तास आणि चार तास बाहेर. अर्ध्या तासानंतर होणाऱ्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत स्पष्टपणे जोरदार होतं. म्हणजे आपण किती वेळ नव्हतो याचा फरक त्यांना पडतो. आता आपल्या चौदा तासांचा विचार करा. २०१४ मध्ये त्यांच्याच गटाने बीगल कुत्र्यांवर आणखी एक प्रयोग केला. ओळखीचा माणूस परत आल्यावर कधी तो त्यांच्याशी शांतपणे बोलला आणि त्यांना हात लावला, कधी नुसतं बोलला, कधी पूर्ण दुर्लक्ष केलं. माणूस दिसल्यावर ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, सगळ्यांचंच वाढलं. पण ते टिकून राहिलं ते हात लावून शांतपणे भेटल्यावर. म्हणून मी घरोघरी सांगते, भेट काढून घेऊ नका. तिची जागा बदला आणि तिची उंची बदला.

आता एका घराची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी आहे, नावं घेणार नाही. नालासोपारा पूर्वेला, चौथा मजला. आजी, मुलगा, सून, शाळेत जाणारी नात, आणि बंड्या. बंड्या लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, दोन वर्षांचा, तेवीस किलो. कुत्र्याचं नाव घेतलं तर चालतं, त्याला विचारलंय. (हसणं)

मुलगा लोअर परळला नोकरीला. रात्री साडेनऊला बेल वाजायची आणि बंड्या स्वयंपाकघरातून सुटायचा. एका रात्री आजी पॅसेजमध्ये होत्या. बंड्याने आजींवर उडी मारली नाही, बरं का. तो फक्त त्यांच्या बाजूने दाराकडे धावला. आजी चपलांच्या स्टँडवर पडल्या, मनगट मोडलं. माकडहाड मोडलं असतं तर काय, हे सांगायला नको. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहीलच असं नसतं. मी गेले तेव्हा घरात ठरलंच होतं. फार्महाऊस. नात एका कोपऱ्यात बसून होती, बोलत नव्हती. मला त्यांनी बोलावलं ते "एकदा विचारून तर बघू" म्हणून.

पहिल्या दिवशी मी काहीही शिकवलं नाही. फक्त पॅसेजच्या तोंडाला आडवी फळी लावायला सांगितली. लहान मुलांसाठी गेट मिळतं तेही चालतं, यांच्याकडे जुन्या पलंगाची प्लायवूडची फळी होती. बेल वाजायच्या वेळेला बंड्या फळीच्या पलीकडे. आधी माणसं सुरक्षित, मग शिक्षण. शिवाय रोज रात्री उडीचा सराव चालू असेल तर दुपारच्या शिकवणीचा काही उपयोग होत नाही. एकीकडे नळ सोडायचा आणि दुसरीकडे पोछा मारायचा, असलं काम ते.

मग प्रश्न आला, शिकवणार कोण? मुलगा-सून दिवसभर बाहेर. आजी म्हणाल्या, "अगं, मी आहे की घरात. हात मोडलाय, तोंड नाही मोडलं."

आजींनी शिकवलं ते असं. गोधडीचा एक तुकडा हॉलच्या कोपऱ्यात टाकला, दारापासून लांब, पण दार दिसेल असा. आजी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. काठी जमिनीवर दोनदा हलकेच टेकवायची आणि लगेच गोधडीवर खाऊ टाकायचा. बंड्या खायला गोधडीवर गेला की "शाब्बास" आणि अजून एक तुकडा. बस. तीन मिनिटं, दिवसातून तीन वेळा. खाऊ म्हणजे आधी पोळीचे तुकडे होते, बंड्याने तोंड फिरवलं. मग उकडलेल्या अंड्याचे सुपारीहून लहान तुकडे केले, तिथे गाडी रुळावर आली. पनीर चालतं, बिनमिठाची उकडलेली कोंबडी चालते, गाजर-काकडी आवडत असेल तर उत्तम. आपल्या वसईची केळी, थोडीशी, चालतात. खारवलेली सुकी मासळी नको. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा तर अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. आणि जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा, नाहीतर शांत पण गोल कुत्रा तयार होतो.

चार दिवसांत काठी दोनदा वाजली की बंड्या स्वतःहून गोधडीवर जायला लागला. त्याला काठीची भीती वाटत नव्हती. काठी म्हणजे अंडं, हा त्याचा हिशेब होता. पावलोव्हची आठवण येते ना? गंमत म्हणजे पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. कुत्री जेवणाआधीच लाळ गाळतात हे त्यातून पुढे आलं. तुमच्या घरचा कुत्रा लिफ्टचं जाळीचं दार ओढल्याचा आवाज आला की कान टवकारतो, किल्ल्यांचा जुडगा वाजला की उभा राहतो, ते हेच. दार उघडायच्या आधीच त्याचा पारा चढलेला असतो. म्हणून शिकवणी दार उघडल्यानंतर सुरू करून चालत नाही. ती आवाजांपासून सुरू करावी लागते.

म्हणून पुढचा आठवडा आवाजांचा. नातीने आतूनच कडी वाजवायची, आजींनी काठी टेकवायची, बंड्या गोधडीवर, खाऊ. मग नात दार उघडून लगेच बंद करणार. मग बाहेर जाऊन पाच सेकंदांत परत. मग अर्धा मिनिट. मग बेल. बेल सगळ्यात कठीण, म्हणून मोबाईलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून अगदी हळू आवाजात वाजवली आणि रोज थोडा वाढवला. जिथे बंड्या उठून दाराकडे पळाला तिथे कुणी ओरडलं नाही. एक पायरी मागे यायचं आणि सोपं करायचं, एवढंच. कुत्रा चुकला याचा अर्थ आपण घाई केली.

आपल्याकडच्या इमारतींत एक फार चांगली सोय आहे, जिचा उपयोग कुणी करत नाही. सेफ्टी डोअर. बाहेरचं जाळीचं दार आणि आतलं लाकडी दार. परदेशातली पुस्तकं वाचून शिकवणाऱ्यांना ही सोय सुचत नाही, कारण तिथे ती सहसा नसते. करायचं असं: आतलं दार उघडा, जाळीचं बंद ठेवा. येणारा माणूस बाहेर उभा. कुत्र्याला तो दिसतो, वास येतो, पण पोचता येत नाही. चारही पाय जमिनीवर असले की हात कडीकडे जाणार. पाय उचलले की हात कडीवरून खाली. बोलायचं नाही, रागवायचं नाही. कडी हेच बोलणं. पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटं लागतात, शेजारचे काका विचारतात, "किल्ली हरवली का?" तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बऱ्याच कुत्र्यांना उमगतं की पाय खाली ठेवले की दार उघडतं. दार तो स्वतः उघडतोय असं त्याला वाटतं, आणि हे वाटणं फार कामाचं आहे. ज्यांच्या दाराला जाळी नाही त्यांनी आतल्या बाजूला फळी किंवा गेट वापरावं, काम तेच होतं.

आणि दार उघडलं की काय? इथे खिशातल्या छोट्या डबीतून चार-पाच तुकडे जमिनीवर विखरून टाका. हातात देऊ नका, वर धरू नका. खाली टाका. नाक खाली गेलं की पाय खाली राहतात. हुंगण्यात कुत्रा आपोआप निवळतो. तेवढ्या वेळात तुम्ही पिशवी ठेवा, चपला काढा.

बंड्याच्या घरात अडकलं ते इथेच. आणि अडकलं ते मुलापाशी. तिसऱ्या आठवड्यात आजी, सून, नात सगळ्यांच्या बाबतीत बंड्या गोधडीवर बसायचा, आणि मुलगा आला की पुन्हा तेच. मी एका रात्री मुद्दाम साडेनऊला थांबले. मुलगा आला आणि दारातूनच खालच्या आवाजात "बंड्याऽऽ" म्हणाला, मांडीवर दोन थापा मारल्या. म्हणजे तोच बोलवत होता. मी त्याला विचारलं तर आधी हसला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? दिवसभरात मला बघून एवढं खूश होणारं दुसरं कोण आहे? गाडीत धक्के खातो, ऑफिसात बोलणी खातो. हा एकटा असा धावत येतो."

आजी आत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, आम्ही पण खूश होतो. पण आम्ही तुझ्या छातीवर चढत नाही, म्हणून तुला कळत नाही होय?"

त्याचं म्हणणं मला पूर्ण कळलं. चौदा तासांनी घरी आलेल्या माणसाची ती कमाई आहे. ती त्याच्याकडून काढून घेतली असती तर त्याने ते चार दिवसही पाळलं नसतं. म्हणून आम्ही असं ठरवलं की त्याने दारात बोलायचं नाही, आत यायचं, पिशवी ठेवायची, आणि गोधडीपाशी जाऊन जमिनीवर मांडी घालून बसायचं. मग बंड्या त्याचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हवी तेवढी. डोक्यावर थापट्या नाहीत. छातीवरून, कानामागून हळूहळू हात फिरवायचा. बोलायचं, पण अंगाईच्या सुरात. क्रिकेट मॅचच्या सुरात नको. माणूस जमिनीवर आला की तोंड कुत्र्याच्या उंचीवर येतं, आणि उडीचं मूळ कारणच उरत नाही. पहिल्या रात्री बंड्या त्याच्या मांडीत शिरून नुसता कण्हत होता. मुलगाही बराच वेळ उठला नाही. सुनेला दोनदा हाक मारावी लागली जेवायला.

साधारण सहा आठवड्यांनी फळी निघाली. बंड्या आजही अधूनमधून चुकतो, विशेषतः मुलगा दोन-तीन दिवस बाहेरगावी जाऊन आला की. पण पॅसेज मोकळा असतो. कर्जतचं नाव त्या घरात पुन्हा निघालेलं नाही.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. शेपटीबद्दल खरं असेल. पण शेपूट सरळ करायचंच कशाला? आपल्याला फक्त चार पाय खाली हवेत.

आता थोडं त्या चौदा तासांबद्दल. दिवसभर बंद घरात काहीही न करता पडून राहिलेल्या कुत्र्याकडून रात्री शांतपणाची अपेक्षा करणं हे शाळेला मधली सुट्टीच न देता मुलांना गप्प बसा म्हणण्यासारखं आहे. सकाळी अर्धा तास आधी उठा. नुसतं खांबापर्यंत नेऊन आणणं नको, हुंगू दे त्याला. जवळ असाल तर सुरुची बागेचा किनारा आहे, राजोडी आहे. नसाल तर सोसायटीमागची गल्लीही चालते. सकाळचं जेवण वाटीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, शोधून खाऊ दे. दुपारी कुणी तरी, शेजारची कॉलेजची मुलगी असेल, ओळखीच्या बाई असतील, एकदा बाहेर नेईल अशी सोय करा. चौदा तास लघवी धरून ठेवणं तुम्हालाही जमणार नाही. ही सोय होणारच नसेल तर घरी कुत्रा आणण्याआधी दहा वेळा विचार करा, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यावर काही जण नाराज होतात. होऊ देत.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. काही कुत्री तुम्ही आल्यावर उड्या मारतात एवढंच नाही, तुम्ही गेल्यापासूनच त्यांचे हाल सुरू होतात. दार ओरबाडणं, न थांबता रडणं, लाळेने जमीन भिजणं, घरात शी-शू, अंगावरचे केस चावणं. जुना मोबाईल व्हिडिओवर लावून बाहेर जा आणि पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते बघा. असं काही दिसलं तर गोधडी आणि अंड्याने भागणार नाही. ती एकटेपणाची भीती आहे. पशुवैद्यांकडे जा, लागली तर औषधंही असतात, आणि त्याची शिकवणी वेगळी, फार सावकाश करायची असते. त्यावर एक अख्खा भाग करू.

लहान मुलं घरात असतील तर त्यांना एकच शिकवा, माड व्हा. कुत्रा अंगावर आला की हात छातीशी, नजर वर, आणि माडासारखं उभं राहायचं. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. माडावर कोणी उड्या मारत नाही, कंटाळा येतो. मुलांना हा खेळ आवडतो. मामांनाही हाच खेळ शिकवा. ऐकत नसतील तर मामा येण्याआधी बंड्याला फळीच्या पलीकडे ठेवा. माणूस बदलण्यापेक्षा फळी लावणं सोपं.

शेवटी, आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेते.

एकांनी विचारलंय, पाच महिन्यांची पिल्ली आहे, मी आलो की उडी मारते आणि तिथेच शू करते. ओरडावं का? नाही. अति आनंदाने किंवा दबून जाऊन पिल्लांची शू सुटते, ती मुद्दाम करत नाही. ओरडलं तर वाढेल. तिच्यावर वाकू नका, सरळ समोरून जाऊ नका, बाजूला वळून खाली बसा, आणि पहिली भेट शक्यतो घराबाहेर, जिन्याखाली घ्या. बहुतेकींचं वयाबरोबर थांबतं. मोठी झाल्यावरही चालूच राहिलं, किंवा एरवीही शू सांडत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.

दुसरा प्रश्न विरार पश्चिमेहून. दोन कुत्री आहेत, एक शिकला, दुसऱ्याने उडी मारली की पहिलाही मारतो. हे होणारच, एक भुंकला की गल्ली भुंकते. दोघांना वेगवेगळं शिकवा, दोन गोधड्या, दोन कोपरे, आणि एकाची शिकवणी चालू असताना दुसरा आतल्या खोलीत. दोघंही एकेकटे आठवडाभर पक्के झाले की मगच एकत्र. एकत्र आणताना आधी जो लवकर उसळतो त्याला पट्टा बांधा आणि पट्टा आतल्या माणसाच्या हातात द्या, दारातून येणाऱ्याच्या नको. खाऊ दोघांच्या मध्ये टाकू नका, भांडण होईल. प्रत्येकाच्या गोधडीवर त्याचा त्याचा.

पुढचा भाग दिवाळीच्या आधी येईल, फटाक्यांवर. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.